प्रबंधाच्या तीन प्रती

माझा स्वभाव तापट. वय झालं की माणूस निवतो म्हणतात; मी अजून वाट बघतोय. पण त्या दसऱ्याच्या आठवड्यात जे घडलं त्याला माझा तापटपणा निम्माच कारण होता. उरलेलं निम्मं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. परभणीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी टायपिंगची कामं घ्यायचो. आधी दोन टाइपरायटर होते, मग ते काढून टाकले आणि औरंगाबादेहून कॉम्प्युटर आणला. घरात कॉम्प्युटर असलेला आणि त्यावर मराठी उमटवणारा गावात मी एकटाच, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो आणि कुणी ते खोडून काढलं नाही. खोलीला पडदे केले. चपला बाहेर. यंत्र चालू असताना घरात झाडू मारायचा नाही आणि फोडणी द्यायची तर मधलं दार लावून. बायको एकदा म्हणाली, “आमच्या पाथरीला नव्या सुनंला बी एवढं जपत न्हाईत.” मी हसलो नाही. यंत्राच्या बाबतीत मला थट्टा चालत नसे.

पहिल्याच वर्षी एक अख्खी स्मरणिका माझ्या हातून गेली होती. वीज गेली, यंत्र बंद पडलं, परत सुरू केलं तर आत काही नाही. आठ दिवस बसून पुन्हा टाइप केली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं. तेव्हापासून प्रत्येक कामाच्या तीन प्रती फ्लॉप्यांवर काढायच्या असा नेम केला. पहिला संच टेबलाच्या खणात, रोजच्या रोज ताजा करायचा. दुसरा लोखंडी कपाटात, कुलूप लावून; त्याची किल्ली माझ्या करगोट्याला. तिसरा गिऱ्हाइकाच्या घरी, म्हणजे आमच्या घराला आग लागली तरी काम शाबूत.

आताच्या पोरांना फ्लॉपी ठाऊक नाही म्हणून सांगतो. आमच्याकडची म्हणजे काळं, चौकोनी, लवचीक पाकीट. पाकिटाच्या आत तपकिरी रंगाची पातळ चकती, आणि पाकिटाला एका बाजूला बोटभर फट, तिच्यातून ती चकती उघडी दिसायची. फ्लॉपी यंत्राच्या खाचेत सरकवली की आतलं एक बारीक डोकं त्या फटीतून चकतीला टेकायचं आणि अक्षरं वाचायचं. तिसरा संच देताना मी गिऱ्हाइकाला समोर बसवून पाठ द्यायचो. वाकवू नका, उन्हात ठेवू नका, रेडिओजवळ नेऊ नका. मग त्या फटीकडे बोट करून म्हणायचो, “तुमचं सगळं काम इथं आहे. ती पेटी नुसतं शरीर, जीव यात आहे.” हे वाक्य मला फार आवडायचं. मधल्या दाराआडून बायको ते कितीदा तरी ऐकायची. तिला मात्र मी असा पाठ कधी दिला नाही. तिला एवढंच सांगितलं होतं की यंत्राला हात लावायचा नाही.

त्या वर्षी माझ्याकडे ताडकळसच्या एका बाईंचा प्रबंध होता. शेतकऱ्याची लेक, वय तिशीचं, परभणीत एका कॉलेजात शिकवायची आणि खोली घेऊन राहायची. सहा वर्षं ती सुट्टी मिळेल तशी रानोमाळ हिंडली होती. बाया खुरपायला बसल्या की त्यांच्या बरोबर बसायची, वेचणीला त्यांच्या मागं चालायची, खळ्यावर थांबायची, आणि त्या कामात बायांच्या तोंडी येणारे शब्द कार्डांवर लिहून घ्यायची. शब्द, अर्थ, कोणत्या गावात कुणी सांगितला. अशी हजारो कार्डं बुटांच्या खोक्यांतून माझ्याकडे यायची. सगळं लावून, मार्गदर्शकांनी तीनदा बदलायला लावून, शेवटी काम पुरं झालं होतं. प्रबंध दाखल करायची मुदत दसऱ्यानंतरच्या सोमवारी संपत होती. एकदा वाढवून मिळालेली मुदत, पुन्हा मिळणार नव्हती. सोमवारी औरंगाबादेत प्रबंध पोचला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात.

खंडेनवमीला दरवर्षी मी टाइपरायटरची पूजा करायचो. आमचं घर लिंगायतांचं, कुंकवाआधी विभूती. त्या दिवशी मी प्रबंधासाठी कागदाचं बंडल आणायला बाहेर होतो. जाताना बायकोला म्हणालो, “यंत्राला हात लावू नको. मी येऊन नुसता हात जोडीन.” आलो, हात जोडले. टेबलावर फुलं होती, यंत्र कोरडं होतं. मला बरं वाटलं.

दसरा झाला. पूजेपासून दसऱ्यापर्यंत हत्यार वापरायचं नाही, म्हणून दोन दिवस यंत्र बंदच होतं. गुरुवारी संध्याकाळी मी शेवटच्या प्रकरणातली एक दुरुस्ती करून फाइल साठवत होतो आणि त्याच क्षणी लाईट गेली. पाच मिनिटांनी आली. यंत्र सुरू झालं, बाकी सगळं जागेवर होतं, पण प्रबंधाच्या फायली उघडेनात. एक उघडली तर तिच्यात नुसते चौकोन आणि टिंबं.

बाई तेव्हा समोरच बसलेली होती, मुखपृष्ठाचा मजकूर तपासत. माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो. खरंच मला काही वाटलं नव्हतं. उलट आतून थोडी खुशीच झाली, कारण असल्या वेळेसाठीच तर मी एवढा खटाटोप करत होतो. खण उघडला. चार फ्लॉप्यांचा संच काढला. तिच्याशी बोलत बोलतच पहिली सरकवली.

खाचेतून खरखर आवाज आला. पडद्यावर इंग्रजीत आलं की वाचता येत नाही, आणि खाली तीन पर्याय: अबॉर्ट, रिट्राय, फेल. मी रिट्राय दाबलं. परत खरखर, परत तेच. पाच-सहा वेळा दाबून ती काढली, दुसरी घातली. तेच. तिसरी, चौथी, तेच.  बाई खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती आणि तिनं विचारायचं सोडून दिलं होतं.

मी उठलो, करगोट्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि दुसरा संच घेऊन धावत आलो. पहिली घातली. खरखर. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी तीच ओळ आणि तेच तीन पर्याय. मी रिट्रायचं बटण इतक्या जोरात दाबत होतो की कीबोर्ड टेबलावर सरकायला लागला.

आठही फ्लॉप्या टेबलावर पडल्या. मग कुठे मी पहिल्या संचातली एक उचलून उजेडात धरली. फटीच्या जागी विभूतीचे तीन बारीक पट्टे ओढलेले होते आणि मध्ये कुंकवाचा ठिपका. कोरीव, नेटका, देवाला लावावा तसा. चारही फ्लॉप्यांवर तसंच.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. बायको पीठ मळत होती, तशाच हातानं दारात आली.

“पूजा कुणी केली?”

“मी केली,” ती म्हणाली. “तुमी यंत्राला हात लावू नको म्हनला, मी न्हाई लावला. पर खंडेनवमीला हत्याराची पूजा चुकवायची कशी? तुमीच लोकांला सांगता, जीव ह्याच्यात हाय म्हनून. त्या फटीपाशी बोट ठिवून सांगता.”

 उत्तर नसलं की मी आवाज चढवतो. त्या बाईसमोर मी बायकोला अडाणी म्हणालो, सहा वर्षांच्या कष्टांवर राख फासलीस म्हणालो. बायको बोटांचं पीठ काढत खाली बघत उभी राहिली. मग बाईकडे वळून म्हणाली, “माझ्या हातनं चुकलं, ताई.”

बाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती रडली म्हणता येणार नाही. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, “सर, कार्डं हायेत. मी परत लावीन.” हजारो कार्डं, तीन दिवस. तिलाही ठाऊक होतं, मलाही.

तिसरा संच ताडकळसला तिच्या वडिलांकडे होता. पंधरा दिवसांपूर्वीचा, म्हणजे शेवटच्या दुरुस्त्या त्यात नव्हत्या, पण बाकी प्रबंध पुरा होता. फोन नव्हता, शेवटची एसटी निघून गेली होती. आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. त्या वर्षांत बंद ही काही नवी गोष्ट नव्हती. एसटी सुटणार नव्हती, जिपाही नाहीत. मी म्हणालो, माझी लूना आहे, सकाळी मीच जातो. बाई यायला निघाली होती, पण बंदच्या दिवशी लूनावर दोघं नको म्हणून मीच तिला घरी थांबवलं. ती आमच्या ओसरीवर कार्डं पसरून बसली. आशा नसली तरी हाताला काम हवं, असं तिचं चाललं होतं.

मोठ्या रस्त्यावर दगड मांडलेले होते म्हणून मी पिंगळीच्या बाजूनं कच्च्या वाटेनं गेलो. ताडकळसला पोचायला अकरा वाजले. बाईचे वडील अंगणात बैलाच्या पायाला तेल लावत होते. म्हातारा काटक माणूस, डोक्याला पटका, अंगात बंडी. मी ओळख सांगितली, काय झालं ते सांगितलं आणि फ्लॉप्या मागितल्या.

“न्हाई देता येत,” ते म्हणाले.

“अहो, तुमच्या लेकीचंच काम आहे.”

“लेकीनं बजावलंय, तिच्याबिगर कुनाच्या हातात द्यायचं न्हाई. सर बी तसंच म्हनले म्हनली.”

म्हणालो होतो. पाठातला तो एक नियम होताच. मी जीव तोडून समजावलं की ते सर मीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमीच आसाल. पर मी वळखीत न्हाई ना.” शेवटी ते आत गेले, ज्वारीच्या कणगीवरून एक पत्र्याचा डबा काढून आणला, पटका नीट बांधला आणि माझ्या लूनावर मागं बसले. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. मला धरायला त्यांना हातच नव्हता. त्या वाटेनं माणूस मागच्या मागं पडला तर, ही एक नवी काळजी घेऊन मी निघालो.

परभणी तीन-चार कोस राहिली असताना वाट मोठ्या रस्त्याला मिळायची. तिथं पंधरा-वीस जण दगडांपाशी बसले होते. एक जण उठून आडवा आला. चाळिशीचा, शिकलेला वाटत होता.

“बंद हाय, ठाऊक न्हाई का?”

“ठाऊक आहे. अडचण आहे म्हणून निघालो.”

“डब्यात काय हाय?”

मी मागं वळून म्हणालो, उघडून दाखवा. म्हातारा म्हणाला, “न्हाई उघडायचा. लेकीनं सांगितलंय.” आणि डबा पोटाशी धरला. बसलेल्यांतले चार-पाच जण उठले. कुणी लूनाचं हँडल धरलं. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी कशी गिळली मलाच माहीत. म्हणालो, “प्रबंध आहे त्यात. सोमवारी विद्यापीठात द्यायचाय.”

“कोनच्या विद्यापीठात?” त्यानं विचारलं.

त्या दिवसांत हा साधा प्रश्न नव्हता. त्या एका नावावरून गावं पेटलेली होती, आणि तुम्ही कोणतं नाव घेता त्यावरून तुम्ही कुणाचे ते ठरत होतं.  मला भीती वाटत होती, हे कबूल करतो.

मागून म्हातारा बोलला, “बायांचे शबुद हायेत त्यात. खुरपनीचे, येचनीचे. माझी लेक समद्या वस्त्यांवर हिंडून गोळा करत होती सा साल.”

त्या माणसानं म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. “कार्डंवाली बाई? चश्मा हाय तिला?”

“हाय.”

“माझ्या आईपाशी दोन दिस बसली होती ती. आई भाकरी खाऊ घालायची तिला.” त्यानं हँडल धरलेल्याला बाजूला केलं आणि एक दगड पायानं सरकवून लूनापुरती जागा केली. “जावा. आन सोमवारी पोचवा म्हनावं.”

घरी पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. म्हाताऱ्यानं ओसरीवर डबा लेकीच्या हातात दिला, तेव्हा कुठे त्यांनी हात झटकले. डब्यात सरकी काढलेला कापूस दाबून भरला होता आणि मधोमध चार फ्लॉप्या, कव्हरात, जशा दिल्या तशा. बाईनं त्या माझ्यापुढे धरल्या.  मी यंत्र सुरू करून पहिली फ्लॉपी कव्हरातून काढली आणि खाचेजवळ नेली.

“अवो, जरा आत या,” बायको मधल्या दारातून म्हणाली.

“आत्ता नाही.”

“आत्ताच या.”

पंधरा वर्षांच्या संसारात ती असं बोलली नव्हती. मी चिडून आत गेलो, फ्लॉपी हातातच. तिनं दार ओढून घेतलं आणि फडताळावरून एक दुसरी फ्लॉपी काढून माझ्यापुढे धरली. खिडकीच्या उजेडात मला फटीतली चकती दिसली. तिच्यावर गोल, चकचकीत ओरखडा होता आणि ओरखड्यात राखाडी भुकटी.

“ही कपाटातली,” ती हळू आवाजात म्हणाली. “हिला मी हात लावला नव्हता. किल्ली तुमच्याजवळ.”

मला अजून कळेना.

“शिवणयंत्राच्या दातात काई अडकलं की मी दुसरं कापड घालत न्हाई. आधी दात पुसते. न्हाईतर तेबी फाटतं.”

मग कळलं. मी खाली पाटावर बसलो. पूजा फक्त खणातल्या चार फ्लॉप्यांची झाली होती. कपाटातल्या चार निर्मळ होत्या. मी खणातल्या न बघता सरकवल्या, त्यांची विभूती आतल्या डोक्याला लागली, आणि त्या माखलेल्या डोक्याखाली मी स्वतःच्या हातानं कपाटातल्या चार घातल्या. एकेकीवर पाच-सहा वेळा रिट्राय दाबून त्या घासून काढल्या. एक मिनिट थांबून पहिली फ्लॉपी उजेडात धरली असती, तर अर्ध्या तासात प्रबंध परत मिळाला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, तसं मी काल केलं होतं. आणि आता म्हाताऱ्यानं कापसात घालून आणलेली शेवटची प्रत मी त्याच डोक्याखाली घालायला निघालो होतो.

बायकोनं आगकाडीला कापूस गुंडाळून चार-पाच बोळे केलेले होते. स्पिरिटची बाटली शेजारी होती. “बाहेर मी काई बोलले न्हाई,” ती म्हणाली आणि बाटली माझ्या हातात दिली.

मी पेटीचे स्क्रू काढले. बाई आणि तिचे वडील बघत होते. खाचेतल्या डोक्यावर लालसर राखाडी चिखल बसला होता. पहिला बोळा काळा झाला, दुसरा तांबडा, तिसरा राखाडी. पाचवा पांढरा राहिला. स्पिरिट वाळू दिलं. एक रिकामी फ्लॉपी घालून बघितली: खरखर नाही. तरी ती काढून चकती उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. मग तिसऱ्या संचातली पहिली घातली.

डोकं हळू टकटक करत पुढं सरकलं आणि फायलींची नावं पडद्यावर आली. दुसरीही वाचली गेली. तिसरी मध्येच अडली. अबॉर्ट, रिट्राय, फेल. त्या फ्लॉपीत ‘न’ पासूनचे सगळे शब्द होते. माझं बोट बटणावर होतं आणि ते खाली जाईना. मागं बायको उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी फ्लॉपी काढली, डोकं पुन्हा पुसलं, वाळू दिलं, परत घातली आणि एकदाच रिट्राय दाबलं. टकटक सुरू झाली. चौथी वाचून झाली तेव्हा बाई खुर्चीवर बसल्या बसल्या हुंदके द्यायला लागली, आणि मग मात्र ती खरोखर रडली.

 बायको म्हाताऱ्याला पाणी द्यायला आली तेव्हा ते हसून म्हणाले, “बाई, देवाचंच केलं तुमी. पर टिळा कुटं लावावा ते बी बगावं लागतं.”

बायकोनं मान खाली घातली. ती जागा होती बोलायची. “तिचं नाही, माझं चुकलं,” एवढंच म्हणायचं होतं. मी पेटीचे स्क्रू बसवत होतो, आणि स्क्रू बसवतच राहिलो.

बाई उठून बायकोजवळ गेली. तिचा हात धरून म्हणाली, “वैनी, माझ्या मनात काई न्हाई बरं का. तुमी मुद्दाम थोडंच केलं.” बायको म्हणाली, “तुजं मन मोठं हाय, ताई.” माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

त्या संध्याकाळी शेवटच्या दुरुस्त्या पुन्हा टाइप करायच्या होत्या. मार्गदर्शकांच्या खुणा केलेली पानं कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती. बाईला कार्डांशी ताडून बघायचं होतं, म्हणून बायको वाचायला बसली. सातवी झालेली, पण वाचायची स्वच्छ. शब्द, थांबायची, अर्थ, थांबायची, स्वल्पविराम आला की “स्वल्पविराम” म्हणायची. त्या खोलीत माझ्या शेजारी ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली होती. एका शब्दाचा अर्थ चुकलाय असं तिनं सांगितलं, बाईनं कार्ड काढून पाहिलं आणि दुरुस्त केला. शनिवारी दिवसभर प्रिंटर चालला. मध्ये दोनदा लाईट गेली, दोनदा आमचा जीव टांगणीला लागला. रविवारी सकाळी सगळी पानं पाच प्रतींसाठी झेरॉक्सला गेली, बाइंडर दुकान उघडून वाट बघत होता, आणि संध्याकाळी बाई औरंगाबादची गाडी धरणार होती.

एकच पान राहिलं होतं, ऋणनिर्देशाचं. बाईनं ते तिथल्या तिथं कागदावर लिहून काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. बायको वाचायला लागली. मार्गदर्शकांचे आभार, वडिलांचे आभार, शब्द देणाऱ्या सगळ्या मायबहिणींचे आभार. मी टाइप करत होतो. “माझ्या प्रबंधाच्या प्रती ज्यांनी जिवापाड जपल्या आणि ज्यांच्या सावधगिरीमुळे माझे सहा वर्षांचे काम वाचले, ते,” ती म्हणाली आणि थांबली.

मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो. पुढं माझं नाव होतं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून ती थांबली असेल. बाईलाही तसंच वाटलं; ती गालात हसली. बायकोनं कागद माझ्याकडे वळवला आणि नावाखाली बोट ठेवलं. त्या बोटाच्या नखात कुंकवाचा तांबूस डाग होता.

“एवढं तुमीच वाचा,” ती म्हणाली.

तिचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं. बाई समोर बसली होती, कर्सर लुकलुकत होता, आणि मला हवं ते मी टाइप करू शकत होतो. मी माझं नाव वाचलं आणि टाइप केलं. बाकीची पानं झेरॉक्सला गेलेली होती, म्हणून ते एक पान मी पाच वेळा छापलं.